एकवीसशेचा वायदा आणि घरातला हिशेब

२०२५ च्या अखेरीस नगरपालिकांच्या निवडणुका आल्या, त्यामागून महापालिका आणि जिल्हा परिषदा येणार होत्या. मोहल्ल्यात पुन्हा पत्रके वाटली जात होती. गटार, पाणी, कब्रस्तानची भिंत, शादीखाना, मुलींसाठी शिलाई मशीन अशी सगळी नावे त्यांत होती. आणि तेव्हा एक गोष्ट आम्हाला जिथे तिथे ऐकू येत होती. पत्रक हातात घेतलेली भाभी किंवा खाला ते उलटसुलट करून पाहते आणि म्हणते, "देंगे तब देखेंगे." मग पत्रक डब्याखाली घालायला ठेवून देते.

काही शिकलेल्या मंडळींना यात अडाणीपणा दिसतो. दुसरे काही म्हणतात, बायकांना आता फुकटच्या पैशांची चटक लागली, त्यांना विचारांशी घेणे नाही. आम्हाला दोन्ही पटत नाही. आमच्या मते ही बाई हिशेब करते आहे, आणि तिचा हिशेब पुष्कळदा जाहीरनामा लिहिणाऱ्यांपेक्षा चोख असतो.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचेच पाहा. २८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या घरातल्या बाईला महिना १५०० रुपये, आणि वर्षाचा अंदाजे खर्च ४६ हजार कोटी. ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले. ऑक्टोबर संपेपर्यंत पाच हप्त्यांचे साडेसात हजार रुपये खात्यात होते. मतदान २० नोव्हेंबरला होते. ५ नोव्हेंबरला कोल्हापूरच्या सभेत महायुतीने सांगितले, १५०० चे २१०० करू. दुसऱ्याच दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने 'महालक्ष्मी' नावाने ३००० रुपये आणि बसचा प्रवास फुकट असे जाहीर केले. शेतकऱ्यांना तीन लाखांपर्यंत कर्जमाफी आणि बेरोजगार तरुणांना महिना ४००० रुपयेही त्यात होते.

निकाल सर्वांना माहीत आहे. एका निकालामागे अनेक कारणे असतात, ती सगळी या योजनेवर ढकलणे बरोबर नाही. पण दुप्पट रकमेचा आकडा निम्म्या रकमेपुढे का टिकला नाही, याचे उत्तर भिशी लावणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे. भिशीत एखादीने सांगितले की माझ्याकडे लावा, मी दुप्पट उचल देते, तर बायका पहिल्यांदा विचारतात, "तुझ्या भिशीत माणसे किती आणि महिन्याला किती जमते?" जमा होण्यापेक्षा जास्त उचल कोणी देऊ शकत नाही. १५०० रुपये बँकेच्या संदेशात दिसले होते, ३००० फक्त भाषणात होते.

तिथे विरोधी पक्षांची अडचण आणखी एका कारणाने वाढली. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी कर्नाटकातल्या मोफत बसच्या वादावर बोलताना आपल्याच लोकांना जाहीरपणे बजावले होते की, अर्थसंकल्पात बसेल तेवढेच कबूल करा. सल्ला सोळा आणे खरा होता. मग महाराष्ट्रातले ३००० कशात बसत होते? लाभार्थी बहिणी २ कोटी ४० लाख धरल्या तर वर्षाला ८६ हजार ४०० कोटी होतात. साऱ्या राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींच्या घरात. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचे व्याज गेल्यावर उरलेल्या पैशांतून एवढी रक्कम कशी निघणार होती, हे प्रचाराच्या गदारोळात कोणी नीट समजावून सांगितले नाही. बायकांनी ते ३००० खरे धरले नसतील, तर त्यात त्यांचे काय चुकले?

आता जिंकलेल्यांकडे वळू. १० मार्च २०२५ रोजी नव्या सरकारचा पहिला अर्थसंकल्प आला. त्यात २१०० चा उल्लेख नव्हता. वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले, टीका झाली, सरकारकडून उत्तर आले की जाहीरनामा पाच वर्षांचा असतो, योग्य वेळी देऊ. पण त्या दिवशीचा खरा मजकूर एका आकड्यात होता आणि त्यावर फार थोड्यांनी बोट ठेवले. लाडक्या बहिणीसाठी तरतूद होती ३६ हजार कोटींची.

घरातली दहावीतली मुलगी बोलवा आणि तिला हे गणित घाला. ३६ हजार कोटी भागिले बारा महिने, म्हणजे महिन्याला ३ हजार कोटी. माणशी १५०० रुपये दिले तर ते किती जणींना पुरतात? बरोबर २ कोटी. आणि तेव्हा पैसे घेणाऱ्या बहिणी दोन कोटींपेक्षा पुष्कळ जास्त होत्या. आता त्याच ३ हजार कोटींतून माणशी २१०० द्यायचे ठरवले तर? दीड कोटी बहिणींनाही पुरत नाहीत. म्हणजे मार्चमध्येच सरकारने लेखी सांगून टाकले होते की यंदा २१०० नाहीत, आणि आहेत त्यांतल्या काहींची नावेही जाणार. भाषणात "एकाही बहिणीला वगळणार नाही" असे कितीही ऐकू आले तरी तरतुदीचा आकडा दुसरेच सांगत होता. (मागची शिल्लक, पुरवणी मागण्या असे मार्ग सरकारला असतात, हे मान्य. पण पुरवणी मागणी म्हणजे उधारीवर आणलेला किराणा. बिल महिन्याच्या शेवटी येतेच.)

पुढे तसेच घडले. फेब्रुवारीतच पाच लाख नावे अपात्र ठरली होती. त्यांत संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेणाऱ्या सव्वादोन लाखांहून अधिक बायका होत्या. शेतकरी सन्मानाचे पैसे घेणाऱ्या बहिणींचे १५०० चे ५०० झाले. जुलैमध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले की २६ लाखांहून अधिक खात्यांचा लाभ तपासणीसाठी थांबवला आहे. १४ हजारांवर पुरुषांनी बहिणींच्या नावाचे पैसे उचलल्याचेही तेव्हाच उघड झाले. अपात्र माणसाने घेतलेला पैसा थांबलाच पाहिजे, त्याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न वेळेचा आहे. अर्ज ऑगस्टमध्ये भराभर मंजूर झाले आणि चाळणी फेब्रुवारीत लागली. मधे मतदान होते.

पैसा कुठून आला, हेही पाहायला हवे. मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच्याच सरकारवर उघड नाराजी दाखवली. हा पैसा त्याच समाजांतल्या लाभार्थी बहिणींना मिळतो, असे सरकारच्या बाजूने सांगितले गेले. मिळत असेलही. पण तो मुळात वसतिगृह, शिष्यवृत्ती, आश्रमशाळा यांसाठी असतो. आईच्या खात्यात पैसे आले आणि लेकीच्या वसतिगृहाचे थांबले, तर घरात काय वाढले?

शेतकऱ्यांचे वेगळे झाले नाही. कर्जमाफी जाहीरनाम्यात होती. २८ मार्चला अजित पवारांनी सांगितले की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरून टाका. मग ऑक्टोबरअखेर बच्चू कडूंच्या आंदोलनाने नागपूरचे रस्ते अडवले, तेव्हा निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख मिळाली. तारखेवरही तेव्हा कोणी कर्ज फिटले असे म्हणत नव्हते.

आपल्या समाजाला या सगळ्याची ओळख जुनी आहे, बहुधा म्हणूनच आपल्याकडे "देंगे तब देखेंगे" जास्त ऐकू येते. डॉ. महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. जुलै २०१४ मध्ये, निवडणूक तीन महिन्यांवर असताना, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने मुस्लिमांतल्या मागास घटकांसाठी पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. पंधरा वर्षे सत्ता होती, कायदा करायला वेळ होता, वटहुकूम मात्र शेवटच्या दिवसांत निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, शिक्षणातले पाच टक्के मात्र चालू ठेवले. नव्या भाजप-शिवसेना सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि वटहुकूम मुदत संपून मेला. फेब्रुवारी २०२० मध्ये महाविकास आघाडीचे मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत सांगितले की हे पाच टक्के पुन्हा आणू. जून २०२२ मध्ये ते सरकार गेले, तोवर विधेयकसुद्धा आले नव्हते. यात एका पक्षाला दोष देऊन दुसऱ्याला मोकळे सोडता येणार नाही.

अलीकडचेही आहे. १० ऑक्टोबर २०२४ च्या मंत्रिमंडळ बैठकीत मदरशांतल्या डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार करण्याचा, तसेच मौलाना आझाद महामंडळाचे भागभांडवल ७०० कोटींवरून १ हजार कोटी करण्याचा निर्णय झाला. पाचच दिवसांनी आचारसंहिता लागली. निकाल लागला २३ नोव्हेंबरला. २८ तारखेला वक्फ मंडळाला १० कोटी देण्याचा शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवशी मागेही घेतला गेला. एका रात्रीत कागद आला आणि गेला.

कायदा इथे मदतीला येईल का? फारसा नाही. तमिळनाडूतल्या फुकट दूरचित्रवाणी संचांच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला. जाहीरनाम्यातले आश्वासन हा निवडणूक कायद्याप्रमाणे भ्रष्टाचार ठरत नाही, पण निवडणूक आयोगाने त्याबाबत नियम करावेत, असे त्यात होते. आयोगाने आचारसंहितेत भर घातली की पक्षाने आश्वासनामागचे कारण आणि पैसा कसा उभारणार ते ढोबळमानाने सांगावे. २०२२ मध्ये त्यासाठी ठराविक तक्ताही सुचवला. पण न सांगितल्यास शिक्षा काय, तर काहीच नाही. तुमच्याआमच्यात वायदा मोडणे ही मुनाफिकाची खूण आहे, हे मकतबातल्या मुलाला ठाऊक असते. तिजोरी ही अमानत आहे, हेही. निवडणुकीच्या कायद्याला यातले काही ठाऊक नाही.

म्हणून विचारणे आपल्यालाच भाग आहे, आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत ते सोपे असते, कारण उमेदवार गल्लीतलाच असतो. त्याला रक्कम विचारू नका, खाते विचारा. कब्रस्तानची भिंत बांधणार म्हणतोस, तर पैसा नगरपालिकेच्या अर्थसंकल्पातून येणार की राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून? जागा नगरपालिकेच्या नावावर आहे की वक्फच्या? सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहिली आहेस का? घरपट्टी माफ करणार असशील तर नळाला पाणी सोडायचे पैसे कुठून आणशील? नगरपालिकेचा अर्थसंकल्प नागरिकाला मागून पाहता येतो, माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्याची प्रतही मिळते. मागच्या पाच वर्षांत आपल्या प्रभागावर किती खर्च दाखवला आहे आणि गल्लीत त्यातले काय दिसते, हे दोन-तीन शिकलेल्या मुलींनी बसून ताडून पाहिले तरी उमेदवाराची भाषा बदलते.

शेवटी एक तातडीची गोष्ट, जिच्यासाठी हा विषय याच अंकात घेतला. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ च्या अखेरीस चालू होती, तेव्हा मुदत ३१ डिसेंबरपर्यंत होती. त्यात बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांचे आधारही मागितले जात होते. ज्यांचे पती आणि वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश यांची सत्यप्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची होती. अडते ते इथेच. आपल्याकडच्या किती तरी बहिणींकडे तलाक किंवा खुलाचा कागद फक्त जमातीचा किंवा काझींच्या सहीचा असतो, आणि टाकून दिलेल्या बाईकडे तोही नसतो. सासरचे लोक आधार देत नाहीत, वडील कब्रस्तानात आहेत. अशी बाई पात्र असूनही यादीतून जाऊ शकते, आणि खर्च कमी करायला बसलेल्या सरकारसाठी ती फक्त एक कमी झालेली संख्या असेल.

मस्जिदीच्या कमिट्यांनी आणि महिला बचत गटांनी आपल्या मोहल्ल्यातल्या अशा बहिणींची नावे या आठवड्यातच काढावीत. वडील किंवा पती वारले असतील तर नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला काढून द्यावा. नोंदच झाली नसेल तर उशिराच्या नोंदणीचा अर्ज करावा. तलाक-खुलाच्या बाबतीत कुटुंब न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीची घोषणा मागता येते, १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात त्याची सोय आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करावा आणि गरीब बाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मागावा. तोवर अंगणवाडी सेविकेकडे जे कागद असतील ते लेखी अर्जासोबत द्यावेत आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.