लेन्समधली धूळ : घाबरू नका, उघडू नका

आज लेन्सच्या आत शिरलेल्या धुळीबद्दल बोलू. आधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

1993 साली माझी पोस्टिंग जैसलमेरकडे होती. एका आंधीनंतर मी माझ्या झूम लेन्समध्ये टॉर्च मारून पाहिलं, तर आत बारीक कण चमकत होते. फौजेत आम्हाला एकच शिकवलेलं : हत्यार मळलं की खोला, पुसा, जोडा. मी लेन्सही तशीच खोलली. कंपासच्या टोकांनी पुढची रिंग फिरवली, काचा पुसल्या, परत बसवल्या. धूळ गेली. मी खूश!

महिन्याभराने आई-बाबा भेटायला आले. किल्ल्यासमोर दोघांना उभं करून अख्खा रोल संपवला. ते परत गेल्यावर रोल धुऊन आला, तेव्हा कळलं की प्रत्येक फोटोची उजवी बाजू स्वच्छ आणि डावी पुसट आहे. एक काच केसभर तिरकी बसली होती. बाबा डावीकडे उभे होते. त्यानंतर त्यांचा प्रवास झाला नाही आणि तसा फोटो पुन्हा काढता आला नाही.

खरं म्हणजे त्या धुळीने फोटोचं काहीच बिघडलं नसतं. असं का, ते पाहा. कॅमेरा फोकस करतो समोरच्या माणसावर. लेन्सच्या पुढच्या काचांवरचा कण त्याच्या इतका जवळ असतो, की त्याची आकृती उमटतच नाही. तो फक्त किंचित प्रकाश अडवतो. खात्री करायची असेल, तर लेन्सपुढच्या फिल्टरवर तांदळाच्या दाण्याएवढा कागद चिकटवा, अ‍ॅपर्चर मोठं ठेवा आणि फोटो काढा. कागद शोधून सापडणार नाही.

मग फोटोत काळे ठिपके दिसतात ते कशाचे? डिजिटल कॅमेऱ्यात बहुतेक वेळा ते सेन्सरवरच्या धुळीचे असतात. अ‍ॅपर्चर एफ 16 वर ठेवून निरभ्र आकाशाचा फोटो काढा. मग लेन्स बदलून पुन्हा काढा. ठिपके त्याच जागी असतील, तर लेन्स निर्दोष आहे. आधी कॅमेऱ्याच्या मेनूतली सेन्सर-सफाई चालवा. तेवढ्याने भागलं नाही, तर सर्व्हिस सेंटर गाठा.

लेन्समधली धूळ अगदीच निरुपद्रवी असते असंही नाही. ती मागच्या, म्हणजे सेन्सरजवळच्या काचेवर असेल, फार साठली असेल किंवा सूर्य समोर असेल, तर फोटोवर पांढुरकी झाक येते. बाहेरची काच ब्लोअरने साफ करता येते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार बसतात. आतली काच मात्र कारागिराकडेच द्या. काचा पुन्हा नेमक्या जागी बसवणं हे त्याचं काम.

धुळीपेक्षा मोठा शत्रू आहे बुरशी. मोबाईलच्या टॉर्चने लेन्स तिरकी धरून पाहा. सुटे ठिपके दिसले, तर धूळ. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले, तर बुरशी. ती काचेवरचा थर खाते आणि मग पुसूनही डाग राहतो. तिथे उशीर करू नका, लगेच दुरुस्तीला द्या.

इंदूर, नागपूरकडच्या मंडळींनी उन्हाळ्यातल्या धुळीची काळजी घ्यावी. झूम लेन्स पुढे-मागे करताना हवा आत ओढते, म्हणून वावटळीत ती उगाच फिरवू नका. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा. कोकण, गोवा, कोलकाता, चेन्नईकडे ओल जास्त. तिथे लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवून कपाटात कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि आर्द्रता 40 ते 50 टक्के राखा. साधं आर्द्रतामापक फार महाग नसतं. आणि महिन्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा.

ती लेन्स अजून माझ्याकडे आहे. मी ती दुरुस्त करून घेतली. आज तिच्यात पुन्हा चार कण दिसतात. दिसू देत.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.