एका शिलिंगाची जागा

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) याच्या लोकप्रियतेची चर्चा बहुधा त्याच्या पुस्तकांच्या खपापाशी येऊन थांबते. परंतु आयुष्याच्या अखेरच्या बारा वर्षांत वाचकांशी असलेले त्याचे नाते छापील पानावर जितके जोपासले गेले, तितकेच ते सभागृहांतही जोपासले गेले. १८५८ ते १८७० या काळात त्याने स्वतःच्या साहित्याची सुमारे ४७० अभिवाचने केली आणि त्यांसाठी लोकांनी तिकिटे काढून, प्रसंगी रात्र रस्त्यावर काढून गर्दी केली. अभिवाचन म्हणजे नुसते मोठ्याने वाचणे नव्हे, तसेच ते पूर्ण नाटकही नव्हे. वेशभूषा आणि नेपथ्य बाजूला ठेवून, केवळ आवाज, मुद्रा आणि हातवारे यांच्या बळावर एकट्याने सर्व पात्रे उभी करणे, असे त्याचे स्वरूप असते. ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग ज्यांनी पाहिले अथवा ध्वनिमुद्रणातून ऐकले आहेत, त्या मराठी रसिकांना या प्रकाराची फार ओळख करून देण्याची गरज नाही. डिकन्सला या वाटेने का जावे लागले, याचे उत्तर मात्र त्याच्या नाट्यप्रेमाइतकेच त्या काळच्या कायद्यातही दडलेले आहे.

डिकन्सच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी निघत. हप्ता म्हणजे हिरव्या वेष्टनातली, ३२ पानांची आणि दोन चित्रांची पुस्तिका. किंमत एक शिलिंग. कथा दीड-दोन वर्षे चाले आणि पुढे काय होणार, या उत्सुकतेवर वाचकांचा महिना जाई. या उत्सुकतेचा लाभ लेखकाच्या आधी नाटकवाल्यांनी उठवला. ‘निकोलस निकल्बी’चे हप्ते एप्रिल १८३८ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १८३९ मध्ये संपले, परंतु तिचे नाट्यरूपांतर लंडनच्या अडेल्फी नाट्यगृहात नोव्हेंबर १८३८ मध्येच रंगमंचावर आले होते, आणि शेवट अजून लेखकालाच लिहायचा असल्यामुळे तो रूपांतरकाराने स्वतःच्या मनाने जोडून दिला होता. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या अशाच एका प्रयोगाला डिकन्स स्वतः गेला असता पहिल्याच प्रवेशाच्या मध्यावर तो आपल्या बॉक्सच्या कोपऱ्यात जमिनीवर आडवा झाला आणि पडदा पडेपर्यंत उठला नाही, अशी नोंद त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने करून ठेवली आहे. याचा सूड त्याने लेखकाच्या रीतीने घेतला: ‘निकल्बी’च्याच एका पुढच्या प्रकरणात त्याने २४७ कादंबऱ्या प्रसिद्ध होता होता त्यांची नाटके केलेला एक ‘साहित्यिक’ आणून बसवला आणि त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली.

खरडपट्टीपलीकडे त्याच्या हाती फारसे काही नव्हते. १८३३ च्या कायद्याने नाटककाराला आपल्या नाटकाच्या प्रयोगावर हक्क मिळाला होता, परंतु कादंबरीचे नाटक करण्यास कादंबरीकाराची परवानगी लागत नव्हती. ‘अ ख्रिसमस कॅरल’ डिसेंबर १८४३ मध्ये निघाले आणि ५ फेब्रुवारी १८४४ या एकाच दिवशी लंडनच्या तीन नाट्यगृहांत त्याचे प्रयोग सुरू झाले. त्याच गोष्टीची छापील नक्कल काढणाऱ्यांना डिकन्सने न्यायालयात खेचले आणि खटला जिंकलाही. पण प्रतिवाद्यांनी दिवाळे काढल्यामुळे सुमारे ७०० पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्याच गळ्यात पडला. पुढे त्याने व्यवहारी मार्ग पत्करला. १८४५ च्या ‘द क्रिकेट ऑन द हार्थ’ची छपाईपूर्व पाने त्याने लायसियम नाट्यगृहाला आधीच दिली आणि पुस्तक व नाटक एकाच दिवशी लोकांपुढे आले. अमेरिकेतील परिस्थिती याहून वाईट होती, कारण परदेशी लेखकाला तेथे स्वामित्वहक्कच नव्हता. १८४२ च्या पहिल्या दौऱ्यात त्याने हा प्रश्न जाहीरपणे मांडला तेव्हा त्याला डोक्यावर घेणाऱ्या वृत्तपत्रांनीच त्याला लोभी ठरवले.

मजकूर छापता येत होता, नाटक पळवता येत होते. लेखकाचा आवाज तेवढा कोणाला उचलता येत नव्हता. ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात या गोष्टीचे मोल फार होते, आणि डिकन्सची अभिवाचने हे त्याचे सर्वांत सुरक्षित रूपांतर ठरले, असे म्हणण्यास त्यामुळेच जागा आहे.

पहिले जाहीर वाचन २७ डिसेंबर १८५३ रोजी बर्मिंगहॅमच्या टाऊन हॉलमध्ये एका शैक्षणिक संस्थेच्या मदतीसाठी झाले. तेथील अखेरचे वाचन त्याच्याच आग्रहावरून कामगारांसाठी स्वस्त दरात ठेवण्यात आले होते. स्वतःच्या मिळकतीसाठी वाचने करण्याचा निर्णय त्यानंतर सुमारे सव्वाचार वर्षांनी झाला. फॉर्स्टरचा त्याला विरोध होता. पैसे घेऊन मंचावर उभे राहणे लेखकाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे त्याचे मत होते. २९ एप्रिल १८५८ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्ये मालिका सुरू झाली. पुढच्या खुर्च्यांना पाच शिलिंग आणि मागच्या जागांना एक शिलिंग, म्हणजे कादंबरीच्या एका हप्त्याइतकाच दर होता. पत्नीपासून विभक्त झाल्याचे निवेदन डिकन्सने याच सुमारास प्रसिद्ध केले आणि श्रोते काय करतील अशी धास्ती त्याच्या मनात होती. श्रोत्यांनी त्याचे टाळ्यांनी स्वागत केले.

मंचावरची मांडणी त्याने स्वतः आखली होती. मागे गडद तांबूस पडदा, डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना गॅसचे दिवे, आणि मध्ये कमरेइतके उंच, सडपातळ मेज. पूर्ण शरीर झाकेल असे भारदस्त मेज त्याला नको होते, कारण शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यालाही हात आणि देह दिसला पाहिजे, हा त्याचा कटाक्ष होता. पुढे पुस्तक असे, परंतु ते बरेचसे निमित्तमात्र होते. मूळ मजकुराची निर्दय काटछाट करून तयार केलेल्या या खास प्रतींत ओळी खोडलेल्या, नवे विनोद घातलेले आणि समासात स्वर बदलण्याच्या सूचना लिहिलेल्या दिसतात. ‘डॉक्टर मॅरिगोल्ड’ ही कथा तर लोकांपुढे नेण्यापूर्वी त्याने, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सुमारे २०० वेळा घोकली होती. दोन तासांच्या कार्यक्रमात आधी एखादी गंभीर अथवा करुण कथा आणि शेवटी बहुधा ‘पिकविक पेपर्स’मधला खटला, असा क्रम असे.

१८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात या वेडाने कळस गाठला. २ डिसेंबर १८६७ रोजी बॉस्टनला सुरुवात झाली. एकूण ७६ वाचने झाली. तिकीट दोन डॉलरचे असले तरी दलाल ते कितीतरी पट दराने विकत, आणि व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी याच्यावरच संगनमताचा आरोप होई. ब्रुकलिनमध्ये योग्य सभागृह न मिळाल्याने वाचने चर्चमध्ये झाली, तर तिकिटांसाठी लोकांनी भर थंडीत गाद्या आणून, शेकोट्या पेटवून रात्र काढली. सर्वांचे समाधान झाले, असे मात्र नव्हे. न्यूयॉर्कला श्रोत्यांत बसलेल्या तरुण मार्क ट्वेनने आपल्या वृत्तपत्रीय लेखात निराशाच व्यक्त केली. वर्षानुवर्षे मनात ऐकलेला पात्राचा स्वर प्रत्यक्ष लेखकाच्या तोंडूनही जुळेलच असे नाही, ही अडचण प्रत्येक रूपांतराच्या वाट्याला येते. या दौऱ्यातून डिकन्सला सुमारे १९ हजार पौंड मिळाले. जे उत्पन्न अमेरिकी छापखान्यांनी पंचवीस वर्षे बुडवले होते, त्याचा काही भाग त्याने अशा रीतीने वसूल केला.

त्याची किंमत शरीराने मोजली. ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघातातून तो वाचला होता आणि आगगाडीची भीती त्याच्या मनातून कधीच गेली नाही. दौरे मात्र आगगाडीशिवाय अशक्य होते. त्यातच जानेवारी १८६९ पासून त्याने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग जाहीर वाचनांत घेतला. जवळच्या माणसांनी परोपरीने विनवूनही त्याने तो सोडला नाही, आणि येथे चाहत्यांनाही दोषमुक्त करता येत नाही, कारण या प्रसंगाला मोठी मागणी होती. एप्रिलमध्ये प्रकृतीने दगा दिल्यामुळे दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. १८७० च्या निरोपाच्या वाचनांच्या वेळी डॉक्टर फ्रँक बिअर्ड नाडी मोजण्यासाठी सभागृहात हजर राहत. एरवी ७२ च्या आसपास असणारी नाडी नॅन्सीच्या प्रसंगानंतर १२४ पर्यंत गेल्याची नोंद आहे.

अखेरचे वाचन १५ मार्च १८७० रोजी लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये झाले. त्यासाठी ‘ख्रिसमस कॅरल’ आणि पिकविकचा खटला हीच जुनी जोडी निवडली होती. ९ जून रोजी, रेल्वे अपघाताला बरोबर पाच वर्षे होत असताना, डिकन्सचे निधन झाले. अमेरिकेने परदेशी लेखकांना स्वामित्वहक्क दिला तो १८९१ साली. आणि कादंबरीचे नाटक करण्यासाठी लेखकाची परवानगी बंधनकारक करणारा कायदा ब्रिटनमध्ये संमत झाला १९११ साली, म्हणजे डिकन्सच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी.