Explainer: अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले, पण नांदेडची मते गेली का?

२० नोव्हेंबर २०२४. नांदेडच्या मतदारांनी त्या दिवशी एकाच केंद्रावर दोनदा बटण दाबले. एक विधानसभेसाठी, दुसरे लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. निकाल लागला तेव्हा लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीकडे होत्या आणि खासदार मात्र काँग्रेसचा निवडून आला होता!

नेता पक्ष बदलतो तेव्हा मतदारही सोबत जातो का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला नांदेडसारखं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

नेमकं काय घडलं होतं?

१२ फेब्रुवारी २०२४ ला अशोक चव्हाण यांनी काँग्रेस सोडली. १३ ला भाजपमध्ये प्रवेश, १४ ला राज्यसभेची उमेदवारी आणि २० ला बिनविरोध निवड. नऊ दिवसांत सगळं आटोपलं.

त्याआधीची कारकीर्द पूर्ण काँग्रेसची. १९८७ मध्ये नांदेडचे खासदार, २००८ मध्ये मुख्यमंत्री. आदर्श सोसायटी प्रकरणातील आरोपांनंतर २०१० मध्ये राजीनामा. २०१४ च्या मोदी लाटेत राज्यात काँग्रेसचे दोनच खासदार आले, त्यातले एक चव्हाण.

आधी आमदारकीचा राजीनामा का दिला?

कारण पक्षांतरबंदी कायदा. १९८५ मध्ये घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. त्यानुसार आमदाराने निवडून आलेला पक्ष स्वेच्छेने सोडला, तर त्याचं सदस्यत्व रद्द होऊ शकतं. दोन तृतीयांश आमदार सोबत घेऊन विलीनीकरण केलं तर सूट मिळते. एकट्याने जायचं असेल तर राजीनामा हाच सरळ मार्ग. चव्हाणांनी तेच केलं.

घरात हे पहिल्यांदाच घडलं का?

नाही. वडील शंकरराव चव्हाण यांनीही १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपद गेल्यानंतर काँग्रेस सोडली आणि महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली. पुढे ते काँग्रेसमध्ये परतले, १९८० मध्ये नांदेडचे खासदार झाले आणि केंद्रात गृहमंत्रीपदापर्यंत पोहोचले.

मग मतदारांनी काय केलं?

पहिली परीक्षा २०२४ च्या लोकसभेची. भाजपचे उमेदवार होते प्रताप पाटील चिखलीकर. २०१९ मध्ये याच चिखलीकरांनी चव्हाणांना हरवलं होतं. आता चव्हाण त्यांच्याच बाजूने उभे होते. तरीही काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९ हजारांहून जास्त मतांनी जिंकले.

ऑगस्टमध्ये वसंतरावांचं निधन झालं. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण उभे राहिले आणि अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले.

भोकरचं चित्र मात्र उलट. तिथे अशोक चव्हाण यांच्या कन्या श्रीजया भाजपच्या तिकिटावर ५० हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या. २००९ मध्ये अशोकराव, २०१४ मध्ये पत्नी अमिता, २०१९ मध्ये पुन्हा अशोकराव, २०२४ मध्ये श्रीजया. घर तेच, फक्त चिन्ह बदललं.

लातूरमध्ये काय झालं?

शिवराज पाटील चाकूरकर यांच्या सूनबाई अर्चना पाटील मार्च २०२४ मध्ये भाजपमध्ये गेल्या. लोकसभेला लातूरने काँग्रेसचे शिवाजी काळगे निवडले. विधानसभेला लातूर शहरात अर्चनाताई काँग्रेसच्या अमित देशमुखांकडून सात हजारांहून अधिक मतांनी हरल्या. समोर देशमुखांचं घर होतं.

लोहा विधानसभा नांदेड जिल्ह्यात, पण लोकसभेला लातूरमध्ये. चिखलीकर तिथून २०१४ मध्ये शिवसेनेकडून आमदार झाले, २०१९ मध्ये भाजपचे खासदार आणि २०२४ मध्ये लोह्यातूनच अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे आमदार. दहा वर्षांत तीन पक्ष.

याचा अर्थ काय?

भोकर आणि लोह्यात लोकांनी माणूस पाहून मत दिलं, पक्ष कोणताही असो. लोकसभेसारख्या मोठ्या मतदारसंघात नेत्याची ही पकड पातळ होते. तिथे जात, शेतमालाचा भाव, आरक्षणाचा प्रश्न आणि उमेदवाराबद्दलची सहानुभूती अशी इतर गणितं जोर धरतात.

कायद्यानुसार राजीनामा दिला की नेता मोकळा. नव्या पक्षात पदही लगेच मिळू शकतं. पण कार्यकर्ता आणि मतदार यांचं सामूहिक विलीनीकरण करणारी तरतूद दहाव्या अनुसूचीत नाही. नांदेडकरांनी एकाच दिवशी दोन बटणं दाबून तेवढं स्पष्ट केलं.