थारच्या वाळूखालचा जिप्समचा थर

पश्चिम राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात ऑगस्ट २००६ मध्ये अवघ्या तीन दिवसांत सुमारे ५७७ मिलिमीटर पाऊस झाला. एरवी वर्षभरात तेथे जेवढा पाऊस पडतो, त्याच्या सुमारे दुप्पट हे प्रमाण होते. कवास हे गाव पाण्याखाली गेले आणि जिल्ह्यात मोठी जीवितहानी झाली. पाऊस थांबला, आकाश निरभ्र झाले, तरी पाणी मात्र ओसरेना. वाळू पाणी शोषून घेते, असा सर्वसाधारण समज आहे. मग ऐन वाळवंटात पाण्याची तळी महिनोन्महिने कशी टिकून राहिली?

या प्रश्नाचे उत्तर वाळूच्या खाली आहे. थारच्या काही भागांत जमिनीखाली जिप्समचा थर पसरलेला असून स्थानिक लोक त्याला खडिया पट्टी म्हणतात. कोठे तो दहापंधरा हातांवर लागतो, तर कोठे पन्नास-साठ हात खोल असतो. या थरातून पाणी सहसा खाली उतरत नाही. त्याखालचे भूजल बहुतेक ठिकाणी खारे असते. अतिवृष्टीच्या वर्षी हा थर संकटाचे कारण ठरला. एरवी मात्र याच थराच्या आधारावर तेथील गावे शतकानुशतके तग धरून आहेत.

थारमधील हवामानाची तीव्रता आकडेवारीवरून स्पष्ट होते. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. चुरू येथे उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. त्याच चुरूमध्ये हिवाळ्याच्या रात्री तो शून्याखाली उतरतो. जैसलमेरचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान २०० मिलिमीटरहून कमी आहे. महाराष्ट्रात दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माण तालुक्यातही याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. शिवाय जैसलमेरचा हा पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि उघड्यावर साचलेले पाणी तीव्र उन्हामुळे व उष्ण वाऱ्यांमुळे लवकरच आटून जाते. म्हणूनच पाणी मिळवण्याइतकेच ते उन्हापासून लपवून ठेवणेही येथे महत्त्वाचे मानले जाते.

तेथील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे जमिनीवर वाहणारे किंवा साठवलेले पाणी ते पालर पाणी. खोल विहिरींतून मिळणारे भूजल ते पाताळ पाणी. या दोहोंच्या मधले, वाळूत ओलाव्याच्या रूपाने राहणारे पाणी म्हणजे रेजाणी पाणी. चिकणमातीची जमीन वाळताना तिला भेगा पडतात आणि त्यांतून ओल निघून जाते. वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे भेगा पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुरलेला पाऊस वाळूत उतरतो, जिप्समच्या थरावर येऊन थांबतो आणि ओलाव्याच्या रूपाने दीर्घकाळ टिकतो.

हा ओलावा हाताशी यावा यासाठी कुई खणली जाते. मराठीत ज्याला आड म्हणतात, त्याहूनही कुईचा घेर लहान असतो. या अरुंदपणामागे विचार आहे. चोहोबाजूंच्या वाळूतून पाझरणारे पाणी अत्यल्प असते; तळ रुंद असेल तर ते पसरून जाईल आणि पोहरा बुडण्याइतकी खोली त्याला येणार नाही. तोंड लहान असल्याने बाष्पीभवनही कमी होते. दिवसभरात दोनतीन घागरी पाणी जमा होते. ते बहुधा सायंकाळी काढून घेतात आणि कुईचे तोंड पुन्हा झाकून ठेवतात.

कुई खणणाऱ्या कारागिरास चेजारो म्हणतात. एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढ्या जागेत, लहान दांड्याच्या हत्याराने त्याला काम करावे लागते. वरून काही पडल्यास इजा होऊ नये म्हणून तो डोक्यावर धातूचा टोप घालतो. खाली उष्मा असह्य होतो, तेव्हा काठावरचे लोक मूठमूठ वाळू जोराने आत टाकतात. त्याबरोबर वरची थंड हवा खाली ढकलली जाते आणि कोंदट हवा वर येते. वाळू ढासळू नये म्हणून काही ठिकाणी खींप नावाच्या वनस्पतीपासून वळलेल्या जाड दोराची वेटोळी एकावर एक रचून कुईला आतून अस्तर देतात.

मालकीचा नियमही लक्षात घेण्याजोगा आहे. कुई एका कुटुंबाची असली, तरी ती गावाच्या सामाईक जमिनीवर असते. त्या जमिनीखालची ओल सर्वांची असून ती मर्यादित आहे. नवी कुई म्हणजे जुन्या कुयांच्या ओलीत आणखी एक वाटेकरी. त्यामुळे गावाची संमती असल्याशिवाय नवी कुई खणली जात नसे. भूजलाबाबत असा नियम देशातील कूपनलिकांना लागू करणे आजही कठीण ठरले आहे.

जेथे हा थर नाही, तेथे अन्य उपाय आहेत. जैसलमेर परिसरात पालीवाल ब्राह्मणांनी विकसित केलेल्या खडीन पद्धतीत खडकाळ उतारावरून येणारे पाणी बांध घालून अडवतात. ते जमिनीत मुरले की त्याच ओलीवर गहू व हरभरा पेरतात. घराजवळच्या टाक्यात अंगणाचे किंवा मुद्दाम उतार दिलेल्या आगोराचे पाणी साठवले जाते. सहा माणसांच्या कुटुंबाला दररोज माणशी १० लिटर याप्रमाणे २१ हजार लिटरचे टाके सुमारे ३५० दिवस पुरते. माणशी १० लिटर म्हणजे शहरातील स्नानाची एक बादलीही नव्हे.

ऋतुचक्राशी जुळवून घेण्याचे अनुभव कटूही आहेत. धान्याचा, पाण्याचा व चाऱ्याचा असे दुष्काळाचे प्रकार येथे वेगवेगळे ओळखले जातात. तिन्ही एकाच वेळी आले की तो त्रिकाळ. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ या स्वरूपाचा होता. चारा संपला की राईका मेंढपाळ कळप घेऊन शेजारच्या राज्यांकडे निघतात. हिवाळी पावसाला तेथेही मराठीप्रमाणेच मावठ म्हणतात. आपल्याकडील द्राक्ष बागायतदाराला धडकी भरवणारी ही मावठ तेथील हरभऱ्याला लाभदायक ठरते. जिऱ्याचे मात्र तिने नुकसान होते.

कवासमध्ये २००६ साली जे घडले, त्याचा उलगडा या पार्श्वभूमीवर होतो. गाव सखल भागात वसलेले. रोहिली नदीचा प्रवाह दीर्घकाळ कोरडा असल्याने येथे कधी पाणी येईल, ही शक्यताच विस्मरणात गेली होती. एरवी थोडीशी ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीने लोंढ्याचे पाणीही तसेच धरून ठेवले. वर उतार नाही आणि खाली वाट नाही, अशा स्थितीत ते उपसून काढण्यावाचून पर्याय नव्हता. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९८७ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगडपर्यंत पोहोचले. त्यानंतर कालव्याच्या लाभक्षेत्रातही, जमिनीखाली असे कठीण थर आहेत तेथे, शेते पाणथळ व क्षारयुक्त झाली. हा धोका मात्र अतिवृष्टीचा नव्हता, तर दरवर्षी नेमाने दिल्या जाणाऱ्या सिंचनाचा होता.

पावसाचे वेळापत्रकही पूर्वीचे राहिलेले नाही. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखांमध्ये सुधारणा केली. त्यानुसार मान्सून पश्चिम राजस्थानचा शेवटचा टप्पा १५ जुलैऐवजी ८ जुलैला गाठतो, तर तेथून त्याच्या परतीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबरला होते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळामुळे बाडमेर व जालोर भागांत मान्सूनच्या आगमनापूर्वीच मुसळधार पाऊस झाला. आता अनेक गावांत नळ व टँकर पोहोचले असून त्यांचे पाणी साठवण्यासाठीही टाक्यांचाच उपयोग केला जातो. तरीही पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून स्वच्छ करण्याचा रिवाज अनेक घरांत टिकून आहे. मान्सूनपूर्व पाऊस लवकर येऊ लागला, तर ही झाडलोट ज्येष्ठातच उरकावी लागेल.