तिसरा राऊंड

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे राज्यभर माहीत झालं. त्या मांडवात ज्या सरकारी नोकरीचा विषय निघायचा, तिच्यासाठी मराठवाड्यातली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळत असतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणी, म्हणजे ‘ग्राउंड’, ५० गुणांची. त्यातले २० मुलांच्या १६०० मीटर धावण्याला. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार राऊंड. पहिला जोशात निघून जातो, चौथ्यात शेवट दिसत असतो. पोरं ढेपाळतात ती तिसऱ्यात. छाती भरून येते, पोटऱ्या जड होतात आणि मन म्हणतं, ‘आज काही खरं नाही.’

दम संपतो म्हणजे नेमकं काय संपतं? ब्रिटनमधल्या सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना आधी ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग थकेपर्यंत सायकल मारायला लावली. ती सरासरी ६४० सेकंद टिकली. तीच माणसं वेगळ्या एका दिवशी नुसता माहितीपट बघून सायकलवर बसली, तेव्हा ७५४ सेकंद टिकली. हृदय आणि स्नायूंच्या कामात फरक सापडला नाही. फरक होता तो श्रम किती वाटतात यात. ग्राउंडच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत गणित-बुद्धिमत्ता घोटणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

याच गटानं २०१४ मध्ये स्वतःशी बोलण्याचा प्रयोग केला. थकवा चढू लागला की मनात म्हणायची छोटी वाक्यं खेळाडूंनी आधी ठरवली आणि दोन आठवडे घोटली. त्यांची टिकण्याची वेळ १८ टक्क्यांनी वाढली. ‘खांदे सैल सोड’, ‘त्या वळणापर्यंत हाच स्पीड’ अशी वाक्यं आपल्या बोलीतच असावीत, आणि ती रोजच्या सरावात म्हणून मुरवावीत. चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा आठवून उपयोग नाही.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. दमलेल्या पायांनी प्रत्येक अडथळ्याआधी पाऊल बसवावं लागतं. लक्ष क्षणभर हललं की तोल गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा तो फक्त ०.०५ सेकंदानं मागे राहिला, आणि त्यानं रौप्य मिळवलं. पुढच्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मात्र तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. त्यानंतर दीडच महिन्यात, १ ऑक्टोबर २०२३ ला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आघाडी घेऊन त्यानं ८ मिनिटं १९.५० सेकंदांत सुवर्ण जिंकलं. दीड महिन्यात पायांची ताकद काही नव्यानं उगवत नाही. हरलेली शर्यत मागे टाकून पुन्हा रेषेवर उभं राहणं हीच तिथली खरी कमाई.

त्याच हांगझोऊत कोल्हापूरच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे पुढे असताना एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. दडपण आलं की अंगवळणी पडलेली क्रियाही माणूस नव्यानं तपासू लागतो, आणि तिथंच हात बिघडतो. १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याचे ठोके वाढलेलेच होते. आपण श्वास सांभाळला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. ४५१.४ गुणांसह कांस्य मिळालं.

म्हणजे भीती जावी लागत नाही. ती असतानाही रोजचंच काम करता यावं लागतं. मात्र ‘मन खंबीर असेल तर सगळं जमतं’ हे खोटं आहे. नडगी दुखत असताना, पोटात पुरेसं अन्न नसताना, रात्रीची झोप झालेली नसताना नुसती जिद्द दुखापत वाढवते. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचंच.

आणि थोडं काम घरच्यांचंही आहे. ग्राउंड देऊन आलेल्या पोराला उंबऱ्यातच ‘किती पडले?’ असं विचारलं की पुढच्या वेळी त्याला तोच आकडा पळताना दिसतो. त्याऐवजी ‘कुठं अडलास?’ असं विचारावं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या सरावात कामाला येतं.