पानझडीचे अरण्य

महाराष्ट्राच्या पूर्व भागात, वऱ्हाडात, यवतमाळ जिल्हा वसला आहे. त्याच्या पूर्वेच्या अंगाने वर्धा नदी वाहते व दक्षिणेच्या अंगाने पैनगंगा. सखल भागातील काळ्या जमिनीत कापूस आणि तूर पिकते. टेकड्यांच्या उतारांवर सागाचे रान उभे असते. एप्रिल महिन्यात एखादा परका प्रवासी या रानातून गेला, तर त्याला ते वाळून गेले आहे असेच वाटेल. झाडांवर पान नसते, पायाखाली पाचोळा करकर वाजतो, आणि ओढ्यांच्या पात्रांत केवळ दगडगोटे दिसतात. तथापि हे रान वाळलेले नसते. ते आपल्याजवळचे पाणी जपून पावसाची वाट पाहत असते.

या प्रदेशापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. समुद्राचे पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. त्यामुळे किनाऱ्यावरील गावांना फार उन्हाळा नाही आणि फार थंडीही नाही. यवतमाळला हा आधार नाही. येथे मे महिन्यात पारा कधीकधी ४५ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो, तर हिवाळ्यातील काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. वर्षाकाठी पाऊस सुमारे ९०० ते १,००० मिलिमीटर पडतो. पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने प्राण्यांना व वनस्पतींना साठविलेल्या पाण्यावर काढावे लागतात.

प्राणी तहानेने पाणवठ्याकडे जाऊ शकतो. वृक्षाला आपली जागा सोडता येत नाही. सागाचे पान हातभर लांब असते. त्यावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. पावसाळ्यात मुळे ही तूट भरून काढतात. जमीन कोरडी पडू लागली म्हणजे मात्र खर्च जमेपेक्षा वाढतो. तेव्हा वृक्ष पानांतील उपयुक्त द्रव्ये खोडाकडे ओढून घेतो, देठाच्या मुळाशी एक पातळ पडदा तयार करतो आणि पाने गाळून टाकतो. ऐन, धावडा, सालई, तेंदू हे त्याचे शेजारीही थोड्याफार अंतराने हाच मार्ग धरतात. म्हणून या वनाला शुष्क पानझडी वन असे म्हणतात.

पाने गळाली तरी वृक्षांचे काम थांबत नाही. फाल्गुनात निष्पर्ण पळस केशरी फुलांनी बहरतो. पाने आड येत नसल्यामुळे ती फुले पाखरांना दुरूनही दिसतात. मोहाची रसाळ फुले पहाटे टपटप गळतात. गोंड आणि कोलाम कुटुंबे ती वेचून वाळवितात. पुढे तेंदूच्या कोवळ्या पानांचा हंगाम येतो, आणि शेतात काम नसलेल्या दिवसांत अनेक घरांना त्यातून चार पैसे मिळतात.

पृथ्वीच्या अगदी उत्तरेकडील सायबेरियात याच प्रश्नाला अरण्याने दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. तेथील वेर्खोयान्स्क गावी १८९२ साली उणे ६७.८ अंश तापमान नोंदले गेले. तेथे हिवाळ्यात भोवती बर्फच बर्फ असते. परंतु गोठलेले पाणी मुळांना शोषता येत नाही. म्हणजे तो हिवाळाही वृक्षांच्या दृष्टीने दुष्काळच होय. तेथील पाइन व स्प्रूस या वृक्षांची पाने सुईसारखी बारीक असून त्यांवर मेणाचा थर असतो. त्यामुळे पाणी कमी खर्च होते. लार्च हा वृक्ष तर हिवाळ्यापूर्वी आपल्या सुयाही गाळून टाकतो. साग उन्हाळ्यासाठी जे करतो, तेच लार्च हिवाळ्यासाठी करतो.

यवतमाळच्या रानात वाघ, चितळ, नीलगाय व अस्वल राहतात. केळापूर व घाटंजी तालुक्यांतील टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. तेथील एक तरुण वाघ २०१९ साली बाहेर पडला आणि शेते, नाले व रस्ते ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर भटकून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. रानाचे तुकडे झाले म्हणजे वन्य प्राण्यांना नव्या जागेच्या शोधात किती हिंडावे लागते, हे त्यावरून कळते.

गळलेल्या पाचोळ्याचेही मोल मोठे आहे. तो उन्हापासून जमीन झाकतो, कुजून खत होतो आणि पहिल्या पावसाचा मार झेलतो. काही वेळा मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो आणि वणवा पसरतो. कोवळी रोपे जळतात, उघडी माती पावसाबरोबर वाहून जाते, आणि जे पाणी टेकडीत मुरायचे ते ओढ्यावाटे निघून जाते. त्याचा परिणाम पायथ्याच्या गावातील विहिरींवर होतो. ज्या टेकडीवरचा पाला न जळता कुजतो, तेथे पाणी अधिक मुरते व विहिरीला त्याचा आधार मिळतो. मृगाचा पाऊस आला म्हणजे सागाला पुन्हा हातभर पाने फुटतात. तोवर त्याच्या पायाशी पडलेला पाला राखणे हे माणसाच्या हाती आहे.