भ्रूणाचा मेंदू आणि थोपविलेले भाषांतर

जीवशास्त्राने वाङ्मयव्यवहारातून पुष्कळ शब्द उसने घेतले आहेत. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होते ते ‘प्रतिलेखन’. त्या नकलेवरून प्रथिन घडते ते ‘भाषांतर’. या रूपकामुळे जे जे लिहिले आहे ते सारे वाचलेही जाते, असा समज सहज होतो. भ्रूणाच्या मेंदूची घडण हा समज टिकू देत नाही.

१९९३ साली व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका इवल्या सूत्रकृमीतील ‘लिन-४’चे कार्य उलगडले. अवघ्या २२ अक्षरांचा हा आरएनए स्वतः कोणतेच प्रथिन घडवीत नाही. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला बिलगून त्याचे भाषांतर तेवढे थोपवितो. ही त्या कृमीचीच लहर असावी, असे अनेक वर्षे मानले गेले. २००० साली मानवातही आढळणारा ‘लेट-७’ हाती आला, तेव्हा कोठे या सूक्ष्म-आरएनएंचे महत्त्व पटले. या दोघांना नोबेल पारितोषिक मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

भ्रूणाच्या मेंदूतील मूलपेशीपुढे सतत एकच प्रश्न असतो: पुन्हा विभागावे, की चेतापेशी व्हावे? घाई झाली तर मूलपेशींचा साठा आटतो. येथे ‘एमआयआर-१२४’चे काम साहित्याभ्यासकाला विशेष ओळखीचे वाटेल. तो पीटीबीपी-१ या प्रथिनाचा संदेश दडपतो. हे प्रथिन ओसरले की अनेक जनुकांच्या नकलांची कापजोड निराळ्या रीतीने होऊ लागते. मूळ संहिता तीच, परंतु पाठ चेतापेशीचा. पाठभेद येथे लेखनिकाचा प्रमाद नसून पेशीची ओळखच होय. सूक्ष्म-आरएनए कापून सिद्ध करणारे डायसर हे विकर उंदराच्या भ्रूणातील मेंदूच्या बाह्यकातून काढून टाकले असता कोवळ्या चेतापेशी मरतात व बाह्यक पातळ राहते.

दडपण्यातून घडण होते, याचा प्रत्यय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या २००८ मधील कार्यातही येतो. तेथील नायक सूक्ष्म-आरएनए नव्हे, तर एलएचएक्स-२ हे नियामक प्रथिन. भ्रूणावस्थेत ते वेळीच नसेल, तर भावी बाह्यकाच्या पेशी शेजारच्या ऊतीला स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस बनविणाऱ्या संघटक पेशी होऊन बसतात.

२०११ साली ‘एमआयआर-१७ ते ९२’ या समूहाची एक प्रत गमावलेल्या व्यक्तींचे वर्णन प्रसिद्ध झाले: डोके लहान, उंची कमी, बोटांची हाडे आखूड. उंदरांतून तोच समूह काढला असता यांपैकी अनेक लक्षणे दिसली. या समूहातून एकही प्रथिन घडत नाही.